पिळलेला फोटो नष्ट होत नाही

लखनौच्या अलीगंजमध्ये ललित कला अकादमीचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथे छापचित्रांचंही काम चालतं. प्लेटवरची आकृती कागदावर उतरली की तिची डावी बाजू उजवीकडे जाते. त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. चित्रकार ते गृहीत धरूनच कोरतो. पण संगणकावर कुणी फोटोला भोवऱ्यासारखा पिळणारा ट्वर्ल किंवा लाटा उठवणारा रिपल फिल्टर लावला, की ठरलेलं वाक्य येतंच: ‘फोटोची वाट लागली, मूळ चित्र गेलं!’ डिझाइनच्या वर्गापासून फ्लेक्सच्या दुकानापर्यंत हे ऐकून कान किटले. वाक्य चूक आहे, आणि ही चूक महागात पडू शकते.

अशा फिल्टरनं होणारं डिस्टॉर्शन, म्हणजे आकार बदलणं, पिक्सेल पुसत नाही, त्यांच्या जागा बदलतं, तेही सूत्रानं. ट्वर्लमध्ये केंद्राजवळचे बिंदू सर्वाधिक फिरतात आणि कडेपर्यंत फिरण्याचा कोन शून्यावर येतो. केंद्र, त्रिज्या आणि कोन यांचा अंदाज आला, की उलट दिशेनं फिरवून चित्र बऱ्यापैकी पूर्ववत करता येतं. थोडी धूसरता येते, कारण नव्या जागेवरचा रंग शेजारच्या पिक्सेलांवरून काढावा लागतो. पुन्हापुन्हा पिळलं-वाकवलं की ती साचत जाते. म्हणूनच जाणकार फोटोशॉपमध्ये आधी फोटोचा स्मार्ट ऑब्जेक्ट करून घेतात. मग मूळ पिक्सेल शाबूत राहतात आणि परिणाम हवा तेव्हा बदलता येतो.

पुरावा हवा असेल तर इंटरपोलचं प्रकरण पाहावं. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या फोटोंत एका गुन्हेगारानं स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून लपवला होता. जर्मनीच्या पोलीस तज्ज्ञांनी तो उलटा फिरवून ओळखण्याजोगा केला. ऑक्टोबर २००७ मध्ये इंटरपोलनं तो जाहीर केला आणि त्याच महिन्यात थायलंडमध्ये त्याला अटक झाली.

इतकं जगजाहीर होऊनही चेहरा ‘सुरक्षित’ करायला आजही ट्वर्ल वापरला जातो, याला काय म्हणावं?

शिवाय हेच गणित दुरुस्तीच्याही कामी येतं. लखनौच्या रूमी दरवाजाचा फोटो खाली उभं राहून, कॅमेरा वर करून काढला की वास्तू वरच्या बाजूला निमुळती दिसते. पर्स्पेक्टिव्ह या साधनानं फोटोचे कोपरे ओढून ती सरळ करतात, तेही डिस्टॉर्शनच.

बाकीचे गैरसमज लवकर आटोपतील. ‘हे संगणकाचं खूळ आहे’: हान्स होल्बाइननं १५३३ मध्ये ‘द अँबॅसेडर्स’ या चित्रात ताणलेली कवटी रंगवली, ती बाजूनं पाहिल्यावरच नीट दिसते. ‘एक क्लिक केलं की ग्राफिक तयार’: फिल्टर एका क्लिकचा असला, तरी कुठे, किती आणि कशासाठी हे माणसालाच ठरवावं लागतं. ‘फोटोशॉपशिवाय जमत नाही’: मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही ही साधनं आहेत. ‘देवनागरी अक्षरं ओढली की शीर्षक भारदस्त होतं’: आडवं ताणल्यावर काना जाड होतो, शिरोरेषा तेवढीच राहते आणि अक्षराचा तोल जातो. रुंद वळणाचा फाँट निवडावा.

पोस्टर करताना फोटो हवा तसा पिळा, वाकवा, लाटांवर सोडा. मात्र एखाद्या मुलाचा किंवा पीडित व्यक्तीचा चेहरा लपवायचा असेल, तर त्यावर भरीव रंगाचा ठोकळा ठेवा, थर एकत्र करून नवी जेपीईजी बनवा आणि तीच पाठवा.