खाडीकाठचा आवाज आणि सर्व्हरचे गणित

एन्नोर (चेन्नई) : चेन्नई शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर कोसस्थलैयार नदी एन्नोर खाडीतून बंगालच्या उपसागरास मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुराबरोबर या खाडीत तेल पसरले. त्याच महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री एका खत कारखान्याच्या समुद्राखालील वाहिनीतून अमोनियाची गळती झाली. दोन्ही घटनांची राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

हे खंडपीठ चेन्नईच्या चेपॉक भागातील कलस महालात बसते. कोविड काळापासून अशा सुनावण्यांत दृक्‌श्राव्य माध्यमातून सहभागी होण्याचा मार्ग रूढ झाला आहे. वकील, अधिकारी, तज्ज्ञ आणि बाधित रहिवासी एकाच पडद्यावर येतात. त्यामुळे खाडीकाठच्या मच्छीमाराचे म्हणणे नीट ऐकू जाईल की नाही, हे त्याच्या मोबाइलइतकेच मधल्या सर्व्हरच्या रचनेवरही अवलंबून असते.

या माध्यमास न्यायालयीन मान्यता मिळण्यात महाराष्ट्रातील एका खटल्याचा मोठा वाटा आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २००३ रोजी दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदविण्यास परवानगी दिली. साक्षीदार अमेरिकेत होता. पुढे ६ एप्रिल २०२० रोजी न्यायालयाने या सुनावण्यांसाठी निर्देश दिले. चित्र वा आवाजाच्या दर्जाविषयीची तक्रार सुनावणी सुरू असताना किंवा संपताच केली पाहिजे; त्यानंतर ती विचारात घेतली जाणार नाही, असे त्यात नमूद होते. तुटलेल्या आवाजाची किंमत किती असू शकते, हे यावरून ध्यानात येते.

या व्यवस्थेच्या मुळाशी ‘सॉकेट’ ही संकल्पना आहे. सॉकेट म्हणजे जाळ्यावरील संवादाचे एक टोक. संगणकाचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक यांवरून ते ओळखले जाते. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स आवृत्तीतून ही पद्धत प्रसृत झाली आणि आजही ती बहुतेक सर्व संगणकप्रणालींत वापरली जाते.

दोघांच्या संभाषणात अडचण नसते. ती संख्येबरोबर वाढते. २५ जण परस्परांशी थेट जोडले गेले, तर प्रत्येकाला आपले चित्र २४ जणांना पाठवावे लागते आणि एकूण ६०० प्रवाह तयार होतात. एका प्रवाहास सेकंदाला ५०० किलोबिट लागतात असे धरले, तरी प्रत्येकाला १२ मेगाबिट सतत पाठवावे लागतील. साध्या मोबाइल जोडणीस हा भार पेलवत नाही.

म्हणून मध्ये सर्व्हर ठेवला जातो. एका पद्धतीत तो सर्वांची चित्रे उलगडून, एकत्र करून, नवे चित्र सर्वांना पाठवतो. यात ग्राहकाचा भार हलका होतो. परंतु सर्व्हरच्या प्रक्रियाशक्तीवर मोठा ताण येतो. दुसऱ्या पद्धतीत सर्व्हर चित्र न उलगडता ज्याला हवे त्याच्याकडे केवळ पुढे पाठवतो. प्रत्येक जण आपले चित्र एकदाच वर पाठवतो. वाटपाचे काम सर्व्हर करतो. मोठ्या सभांसाठी आज प्रामुख्याने हीच पद्धत वापरली जाते.

तरीही गणित सुटत नाही. १०० जणांच्या सभेत प्रत्येकाला इतर ९९ जणांचे चित्र पाठवायचे, तर ९,९०० प्रवाह आणि सेकंदाला जवळजवळ ५ गिगाबिट लागतात. प्रत्येकाला केवळ बोलणाऱ्या चौघांचे चित्र पाठवले, तर प्रवाह ४०० आणि भार २०० मेगाबिटवर येतो. म्हणजे क्षमता वाढविण्याचा पहिला उपाय अधिक शक्तिशाली यंत्र हा नसून काय पाठवायचे नाही हे ठरविणे हा आहे.

दुसरा प्रश्न सॉकेट हाताळण्याचा. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र थ्रेड चालविण्याची पद्धत सोपी असते, पण हजारो जोडण्या झाल्या की यंत्राचा बराच वेळ आणि स्मृती थ्रेड सांभाळण्यातच खर्च होते. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एका सर्व्हरवर दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न ठळकपणे मांडला. लिनक्समधील ‘ईपोल’ सुविधेमुळे मोजके थ्रेड हजारो सॉकेटवर लक्ष ठेवू शकतात. ज्या सॉकेटवर माहिती आली असेल तेवढ्याचीच नावे त्यांना मिळतात.

तिसरा प्रश्न वाहतुकीच्या नियमांचा. ‘टीसीपी’मध्ये हरवलेले पाकीट पुन्हा येईपर्यंत मागची पाकिटे थांबून राहतात. सभेत कोण आले, कोण गेले यांसारख्या सूचनांसाठी ही शिस्त योग्य ठरते. परंतु दोन सेकंदांपूर्वीचा शब्द उशिरा मिळण्यापेक्षा पुढचा शब्द वेळेवर मिळणे संभाषणात महत्त्वाचे असते. म्हणून आवाज आणि चित्र शक्यतो ‘यूडीपी’वरून पाठवतात. यात एकाच सॉकेटवरून अनेकांशी व्यवहार करता येतो. काही कार्यालयांच्या जाळ्यांत यूडीपी रोखलेले असते. तेथे टीसीपीचा पर्यायी मार्ग ठेवावा लागतो.

खरी कसोटी लागते ती दुबळ्या जोडणीच्या वेळी. एका सहभागीचा सॉकेट भरला आणि सर्व्हर त्याच्यासाठी थांबून राहिला, तर सर्वांचीच सभा गोठते. म्हणून प्रत्येकासाठी मर्यादित रांग ठेवली जाते. ती भरली की जुनी चित्रे टाकून दिली जातात, आवाज मात्र राखला जातो. पाठवणाऱ्याकडून एकच चित्र दोन-तीन दर्जांत घेऊन ज्याच्या जोडणीस जे झेपेल ते त्याला देण्याची सोयही असते. अशा रचनेत मंद जोडणीचा माणूस इतरांना अडवत नाही आणि स्वतःही सभेबाहेर फेकला जात नाही.

एक सर्व्हर अपुरा पडल्यास अनेक सर्व्हर जोडले जातात. चेन्नईतील सहभागी चेन्नईच्या आणि दिल्लीतील दिल्लीच्या सर्व्हरशी जोडले, की दोन शहरांदरम्यान प्रत्येक वक्त्याच्या चित्राची एकच प्रत धाडावी लागते. मात्र कोणती सभा कोणत्या सर्व्हरवर आहे, याची नोंद सर्व सर्व्हरना सामाईक असावी लागते.

या क्षेत्रात देशी प्रयत्नही झाले आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये घेतलेल्या व्हिडिओ कॉन्फरन्सिंग स्पर्धेत केरळमधील अलाप्पुळा येथील टेकजेन्शिया या कंपनीची ‘व्हीकन्सोल’ ही प्रणाली विजेती ठरली.

६ एप्रिल २०२० च्या निर्देशांत, ज्यांच्याकडे साधने नाहीत अशा पक्षकारांसाठी न्यायालयांनी सोय उपलब्ध करावी, असेही म्हटले होते. ही सोय केवळ पडदा आणि कॅमेरा देऊन पूर्ण होत नाही. सर्व्हरची चाचणी कार्यालयातील वेगवान जोडणीवर घेतली, तर त्यातील उणिवा दिसत नाहीत. ती खाडीकाठच्या एका साध्या मोबाइलवरून, पाकिटे हरवत असताना, सभा पूर्ण भरलेली असताना घ्यावी लागते.