दोन रकाने जुळले, पुढे काय?

कंपनीत नवा माणूस रुजू झाला की त्याचा ऑनलाइन फॉर्म फिरू लागतो. आधी एचआर, मग विभागप्रमुखाची मंजुरी, मग आयटी. या फॉर्मात नाव, पॅन, बँक खाते यांच्याबरोबर कधी कधी आणखी दोन रकाने असतात : ‘पासवर्ड’ आणि ‘पासवर्ड पुन्हा टाका’. दोन्हीकडचा मजकूर जुळला की हिरवी खूण येते आणि पासवर्ड तपासला गेला, असे सगळ्यांनाच वाटते.

खरे तर बोट चुकले नाही ना, एवढेच तिथे तपासले जाते. अक्षरांऐवजी ठिपके दिसतात म्हणून दोनदा लिहून घ्यायचे, इतकाच त्या दुसऱ्या रकान्याचा उपयोग. ‘१२३४५६’ दोनदा लिहिले तरी रकाने जुळतातच. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा सर्वाधिक लोकांनी ठेवलेला पासवर्ड हाच निघाला.

एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह ही सक्तीही फारशी कामाची नाही. लोक पहिले अक्षर मोठे करतात, शेवटी @१२३ जोडतात आणि पासवर्ड फोडणाऱ्यांना ते पाठ असते. अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशी सक्ती नको म्हटले. पासवर्ड लांब असू द्या आणि फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा, असा तिचा सल्ला आहे. तरीही आपल्याकडचे कितीतरी फॉर्म जुनेच नियम उगाळत बसलेले दिसतात.

मला जास्त काळजी वाटते ती फॉर्म फिरण्याची. अशा सॉफ्टवेअरमध्ये रकान्यातला मजकूर फॉर्मबरोबर जतन होतो. तो मंजुरी देणाऱ्याच्या पडद्यावर, बदलांच्या नोंदीत, ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये उमटू शकतो. ठिपके फक्त लिहिणाऱ्याच्या पडद्यावर असतात. खाली मजकूर उघडाच असतो. उघडा पासवर्ड कुठे पोहोचेल ते सांगता येत नाही. १९६६ मध्ये एमआयटीच्या सीटीएसएस या सामायिक संगणक-प्रणालीवर एक जण रोजची सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची फाइल. एडिटर दोघांच्याही तात्पुरत्या फाइलला एकच नाव देत असे. फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले.

म्हणून पासवर्ड हा फॉर्मच्या माहितीचा भाग असूच नये. तो फॉर्मात मागायचाच असेल, तर ब्राउझरमधली तपासणी सहज टाळता येते, त्यामुळे दोन्ही रकाने सर्व्हरने पुन्हा ताडावेत. मग प्रत्येकासाठी वेगळा ‘सॉल्ट’, म्हणजे यादृच्छिक मजकूर, मिसळून आर्गॉन२ किंवा बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ पद्धतीने हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येत नाही असे रूप, काढावा, तेवढाच साठवावा आणि मूळ मजकूर टाकून द्यावा. सॉल्टची ही युक्ती रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्येच युनिक्सच्या अनुभवावरून मांडली होती. त्याहून चांगले म्हणजे फॉर्मात पासवर्ड मागूच नये. मंजुरी झाल्यावर त्या माणसाला एकदाच चालणारी लिंक पाठवावी. पासवर्ड तो स्वतः ठरवील.

देवनागरी पासवर्ड स्वीकारणाऱ्यांसाठी आणखी एक पेच आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. दिसायला दोन्ही सारखेच. एकाच कीबोर्डवर दोनदा लिहिले की रकाने जुळतात. पुढे दुसऱ्या कीबोर्डवरून लॉगिन करताना मात्र तोच पासवर्ड चुकीचा ठरू शकतो. हॅश काढण्यापूर्वी मजकूर युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणला की हे दोन्ही एक होतात. पण काही जण ‘ऱ्या’मधला तो अर्धा र साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून काढतात. ते रूप या पद्धतीने एक होत नाही. त्यासाठी फॉर्म बांधणाऱ्यालाच वेगळा नियम लिहावा लागतो आणि पासवर्ड ठरवताना व लॉगिन करताना, दोन्ही ठिकाणी तोच लावावा लागतो.