चार अक्षरे, सात उच्चार

मराठी वाचायला शिकताना आपल्याला एक मोठी सोय असते. 'क'ला काना दिला की 'का' झाला. दुकानाच्या पाटीवर वाचा की पोथीत वाचा, 'का' तो 'का'च. म्हणून एकदा बाराखडी आली की नवा शब्दही, अडखळत का होईना, वाचता येतो.

इंग्रजीचे तसे नाही. एबीसीडी पाठ झाली तरी शब्द वाचता येईलच असे नाही. पुष्कळ प्रौढ मंडळी इथेच खचतात. "आमचं डोकंच चालत नाही. आता या वयात इंग्रजी कुठलं यायला!" असे म्हणून पुस्तक मिटतात. आम्ही त्यांना सांगतो, दोष तुमच्या डोक्याचा नाही. इंग्रजी लिहिण्याची तऱ्हाच तशी आहे. कशी, ते एका उदाहरणाने पाहू.

ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे घ्या. ही चौकडी इंग्रजीतल्या पुष्कळ शब्दांत एकत्र येते. आता गंमत पाहा.

मुलांची 'रफ' वही आपल्याला माहीत आहे. रफ म्हणजे कच्चे, खडबडीत. त्याच्या शेवटी ही चौकडी आहे. उच्चार 'अफ'. खोकल्याला म्हणतात 'कॉफ'. इथे उच्चार 'ऑफ'. 'थ्रू' म्हणजे मधून, आरपार. इथे 'ऊ'. 'दो' म्हणजे जरी. इथे 'ओ'. नांगराला म्हणतात 'प्लाउ'. इथे 'आउ'. 'बॉट' म्हणजे विकत घेतले. त्यात चौकडीपुढे टी हे अक्षर आहे, आणि उच्चार 'ऑ'. 'थरा' म्हणजे कसून केलेले. इथे शेवटी नुसता आखूड 'आ'.

म्हणजे अक्षरे तीच चार, आणि उच्चार सात!

यांतला खोकल्याचा शब्द आपल्या घरात औषधाच्या बाटलीवर असतो. आपण त्या औषधाला 'कफ सिरप' म्हणतो. त्यामुळे पुष्कळांना वाटते, हे आपल्या छातीतल्या कफावरचे औषध. पण बाटलीवरच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ खोकला. आपला 'कफ' संस्कृतातला. दोघांचे नाते नाही. खोकला कोरडाही असतो, कफाचाही असतो, आणि दोन्हींचे औषध एकच असते असे नाही. म्हणून नुसता ओळखीचा शब्द दिसला की बाटली तोंडाला लावू नये. लहान मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये.

बरे, असे सात उच्चार झाले कसे?

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातले लोक यांतले बहुतेक शब्द बोलताना घसा खरवडून 'ख'सारखा आवाज काढीत. 'खबर' हा शब्द उर्दू बोलणारे म्हणतात, तसा. तो आवाज दाखवण्यासाठी पुढे जी आणि एच ही जोडी लिहू लागले. मग बोलणे बदलत गेले. काही शब्दांत तो आवाज नाहीसा झाला, काही शब्दांत त्याचा 'फ' झाला. आधीचे स्वरही बदलले. जर्मन लोकांनी मात्र तो आवाज टिकवला. ते रात्रीला 'नाख्ट' म्हणतात. इंग्रज 'नाइट' म्हणतात, पण लिहिताना जी-एच लिहितात. आपल्याकडे दिवसभर उपास करून रात्री जेवायच्या व्रताला 'नक्त' म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच जुन्या कुळातले आहेत.

विल्यम कॅक्स्टन याने १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. पुस्तके छापली जाऊ लागली, तसे शब्दांचे लेखन हळूहळू ठरून गेले. लोकांची जीभ मात्र बदलतच राहिली. अक्षरे मागे राहिली, आवाज पुढे गेला.

आपल्याकडेही असे होते. पूर्वी आपण 'गांव', 'नांव' असे टिंब देऊन लिहीत होतो. बहुतेक जण त्या टिंबाचा उच्चार करीत नसत. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम ठरले, आणि अशी मुकी टिंबे गेली. इंग्रजी तर अनेक देशांत चालते, आणि सगळ्यांना मान्य होईल असा नियम करणारी एक संस्था नाही. अमेरिकेने नांगराच्या शब्दातले जी-एच काढून टाकले, इंग्लंडने ठेवले.

मग आपण काय करावे? आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मराठीतही थोडेसे असे आहेच. 'चार' म्हणून पाहा, 'चाक' म्हणून पाहा. अक्षर एकच, पण 'च' वेगळा. तिथे आपण अडखळतो का? नाही. कारण तो शब्द ओळखीचा असतो. इंग्रजीतही हीच युक्ती चालते. अशा शब्दाची अक्षरे फोडत बसू नका. माणसाचा चेहरा ओळखतो तसा सबंध शब्द ओळखा. वहीत शब्द लिहा, खाली मराठीत उच्चार लिहा, शेजारी अर्थ लिहा. उच्चार जाणत्याकडून एकदा ऐकून घ्या. दिवसाला दोन शब्द पुरेत. महिन्यात साठ होतील.

आणि घरातले मूल 'थ्रू' वाचताना 'थ्रफ' म्हणाले, तर त्याला मारू नका, हसू नका. त्याने 'रफ' नीट लक्षात ठेवले होते, म्हणूनच तो 'थ्रफ' म्हणाला. त्याला जवळ घ्या, वही उघडा, आणि दोघे मिळून तो शब्द लिहा.