नव्वदाचे शंभर

माझी आत्या भाजी विकायची. पहाटे बाजारातल्या सावकाराकडून नव्वद रुपये घ्यायची, संध्याकाळी शंभर परत करायची. “धाच तर रुपये जात्यात,” म्हणायची. दिवसाला अकरा टक्क्यांहून अधिक व्याज! शाळकरी वयात मी तिला हिशेब मांडून दाखवला : रोज आणखी दहा रुपये बाजूला ठेवलेस, तर नऊ दिवसांत भांडवल तुझं स्वतःचं. ती म्हणाली, “ठिवू कुठं रं बाळा? घरात नोट दिसली की दारूत जातीया.”

पुढे सूक्ष्म वित्तपुरवठ्याचा अभ्यास करताना हा प्रश्न मला पुन्हा भेटला, तो सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात. म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांची बँक निघायची होती. अर्जावर अंगठे दिसले आणि रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि ‘व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो’ म्हणाल्या. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बचत गोळा करायला बँकेची माणसं बायकांच्या दारी जाऊ लागली.

पण बचत आणि कर्ज एवढ्याने धंदा उभा राहत नाही. एक साधं उदाहरण घ्या. दहा हजारांचं कर्ज, वर्षाला बारा टक्के सरळ व्याज, बारा समान हप्ते. व्याज बाराशे, म्हणजे हप्ता सुमारे ९३३ रुपये. ऐकायला स्वस्त. मात्र मुद्दल दरमहा फिटत जाते आणि व्याज मोजलं जातं पूर्ण दहा हजारांवर. घटत्या शिलकीवर मोजलं, तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. हे ज्या बाईला कळतं, ती दोन सावकारांत निवड करू शकते. मालाची किंमत ठरवताना स्वतःची मजुरी धरायची, घरखर्चाचा आणि धंद्याचा गल्ला वेगळा ठेवायचा, हेही शिकावंच लागतं. म्हणून २००६मध्ये माणदेशीने ग्रामीण बायकांसाठी उद्योगशाळा काढली. तिचे वर्ग बसमधूनही गावोगाव गेले.

आत्याच्या बाजारात असं कुणी आलं नाही. तिला हिशेब कळत नाही, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. तिच्या ‘कुठं?’चं उत्तर माझ्या हिशेबात नव्हतं.