खताचा ढीग

कोकणात शिमगा उलटला की अंगण-परसातला पाचोळा झाडून एका कडेला लोटायचा आणि तिन्हीसांजेला त्याला काडी लावायची, ही वहिवाट घरोघर चालत आली आहे. आणि जांभ्यावरच्या ज्या तांबड्या जमिनीचा वरचा कस पावसाळ्याच्या चार महिन्यांत धुऊन जातो, तिच्याच हक्काचे अन्न अशा रीतीने दरसाल धुरावाटे नाहीसे होते, याचे मला मनापासून दुःख होते. भाताच्या रोपांसाठी दाढ भाजणाऱ्या शेतकऱ्यापाशी निदान तण मरण्याचे कारण तरी असते. परसातील आंब्या-फणसाची पाने जाळण्यास मात्र, झाडलोट लवकर आटोपावी यापलीकडे, कोणतेही कारण मला आजवर आढळलेले नाही. आमच्या परसात विहिरीच्या मागल्या अंगाला, फणसाच्या सावलीत, या पानांचे खत करण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे.

उकिरडा प्रत्येक घरी असतो. परंतु उकिरड्यावर वस्तू टाकल्या जातात, आणि खताचा ढीग रचावा लागतो. या रचनेला शास्त्रशुद्ध पद्धतीचे रूप आले ते इंदूर येथे. १९२४ साली तेथे स्थापन झालेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी ३० फूट लांब व १४ फूट रुंद खड्ड्यांतून काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ते तीनदा परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध केले. आणि १९३१ साली या प्रयोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड या रसायनशास्त्रज्ञाचे नाव सहलेखक म्हणून आहे. ‘इंदूर पद्धती’ हे नाव पुढे देशोदेशी गेले, हॉवर्ड यांची कीर्तीही गेली. वाडांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी घेते, आणि ते घेतले गेले पाहिजे असे मला वाटते.

घरगुती ढिगाला ३० फुटांचा खड्डा लागत नाही. परंतु तो कमरेइतका तरी उंच आणि तितकाच रुंद असावा, कारण त्याहून लहान ढिगात ऊब धरून राहत नाही. तळाशी हवा खेळावी म्हणून तुरीच्या काट्या किंवा माडाच्या झावळ्यांचे तुकडे आडवेतिडवे घालावेत. त्यावर वीतभर सुका पाचोळा, त्यावर भाजीची देठे, केळीची सोपटे व ओले गवत, त्यावर शेणकाला, गोठ्यातील मुताने भिजलेली माती, आणि न्हाणीच्या चुलवणातील राखेची एक पातळ पाखर, या क्रमाने थर चढवीत न्यावेत. सुक्या पानात कर्ब अधिक, ओल्या पाल्यात व शेणात नत्र अधिक. कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना कर्बाच्या सुमारे ३० भागांमागे नत्राचा एक भाग मिळाला म्हणजे त्यांचा कारभार सुरळीत चालतो, आणि राख आंबटपणा मारते. पावसाळ्यात मात्र खड्ड्याच्या भानगडीत पडू नये. ढीग जमिनीच्या वरच रचून झावळ्यांनी शाकारावा, नाहीतर पाणी साचून आतली हवा कोंडते.

ढीग रचल्यावर दोनतीन दिवसांत तो तापू लागतो. एक लोखंडी सळई त्याच्या पोटात खुपसून ठेवावी आणि काही वेळाने उपसून मुठीत धरून पाहावी. ती धरवली नाही म्हणजे काम ठीक चालले आहे असे समजावे. हे तापमान ६५ अंशांपर्यंत चढते, आणि त्यात तणाचे बी व माश्यांच्या अळ्या नष्ट होतात. पुढे सळई कोमट लागू लागली की ढीग परतण्याची वेळ आली.

परतण्याचे काम सकाळच्या गारव्यात करावे. दंताळ्याने वरचा कोरडा थर ओढून बाजूला केला की आतून वाफेचा लोट वर येतो, आणि पानांवर राख सांडल्यासारखी पांढुरकी जाळी पसरलेली दिसते. ही जाळी बुरशीसारखे तंतू सोडणाऱ्या जंतूंची असते आणि ती दिसणे हे सुचिन्ह होय. फणसाचे पान अजून आपला आकार धरून असते, पण बोटांत घेताच मोडते. आंब्याच्या पानाची मधली शीर तेवढी चिवटपणे शिल्लक राहिलेली असते. या वेळी नाकावर विश्वास ठेवावा. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र दर्प आला तर नत्र वाया चालले आहे असे जाणून सुका पाचोळा मिसळावा. नासल्याची घाण आली तर पाणी फार झाले आहे, ढीग मोकळा करावा. मूठभर माल घट्ट आवळला असता बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण धार लागू नये. बाहेरचे सारे आत आणि आतले सारे बाहेर जाईल अशा बेताने नवा ढीग शेजारी रचीत जावे, व हे करताना डोळे उघडे ठेवावेत. कारण गेंड्या भुंग्याच्या जाड, पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार वळलेल्या अळ्या अशाच ढिगात वाढतात, आणि त्या येथे सुटल्या तर पुढे भुंगे होऊन माडाचा कोवळा शेंडा पोखरतात. नारळाचे उत्पन्न ज्याला प्रिय आहे त्याने त्या एकेक वेचून काढाव्यात. ऊब ओसरल्यावर आपण होऊन येणाऱ्या गांडुळांना मात्र धक्का लावू नये.

तयार खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो. मृगाच्या सुमारास ते पडवळ, दोडकी व भेंडीच्या आळ्यांत जाते. माडाला बुंध्यापासून काही अंतर सोडून वर्तुळाकार चरात द्यावे, कारण अन्न घेणारी मुळे तेथे असतात. अळू आणि केळी यांना न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढण्याची जुनीच सवय, त्यांना थोडक्यात भागते. तांदूळ, तेल, मीठ आम्ही बाजारातूनच आणतो, आणि सर्वस्वी स्वयंपूर्ण झालो असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु या आवारात उगवलेले पान आवाराबाहेर जात नाही, एवढी तजवीज झाली आहे. कणकवलीस गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचेही सोनखत करून दाखविले, आणि ते काम हलके मानणाऱ्या समाजापुढे स्वतःच्या हातांनी केले. त्या मानाने पाचोळ्याचे खत करणे किती सोपे! चाळणीवर उरलेली जाडीभरडी काटकी, न कुजलेल्या शिरा आणि करवंटीचे तुकडे आम्ही टाकून देत नाही. पुढच्या ढिगाच्या तळाशी त्यांचाच पहिला थर पडतो, आणि त्यांच्या अंगी असलेल्या जंतूंमुळे तो ढीग लवकर तापतो.