गिनी कोंबडी : प्रजननाचा हंगाम आणि नराचा वाटा

शेती उत्पन्नातील हंगामी चढउतारांचा विचार करताना आपण पाऊस, पेरणी व साठवण यांकडे पाहतो. गिनी कोंबडीच्या बाबतीत हंगाम पक्ष्याच्या शरीरातच दडलेला असतो. मूळ आफ्रिकेतील हा काटक पक्षी परसातील कुक्कुटपालनास सोयीचा आहे. बरेलीजवळील इज्जतनगर येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितंबरी व श्वेतांबरी हे प्रकार विकसित केले. तथापि उत्तर भारतात मादी साधारणतः मार्च ते सप्टेंबर याच काळात अंडी घालते.

मोजली जातात ती अंडी, त्यामुळे चर्चा मादीचीच होते. नराचे वृषण उदरपोकळीत, मूत्रपिंडांजवळ असतात. दिवस मोठा होऊ लागला की प्रकाश कवटीतून थेट मेंदूच्या खोल भागातील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो. त्यांच्याकडून हायपोथॅलॅमस व पुढे पीयूषिका ग्रंथी कार्यप्रवृत्त होते आणि तिची संप्रेरके रक्तावाटे वृषणांत जातात. तेथील नलिका रुंदावतात, टेस्टोस्टेरॉन वाढते, शुक्राणू तयार होऊ लागतात. दिवस आखडले की वृषण आकसतात व वीर्यनिर्मिती मंदावते. मे-जूनचा कडक उष्माही वीर्याच्या प्रतीला बाधक ठरतो.

बरेलीतील सर्वांत मोठा दिवस सुमारे चौदा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे सव्वादहा तासांचा असतो. तिरुवनंतपुरम येथे हा फरक जेमतेम तासाभराचा. पश्चिम आफ्रिकेतही दिवसाची लांबी फारशी बदलत नाही. तेथे प्रजननाचा हंगाम मुख्यतः पावसाशी जोडलेला आहे. म्हणून एका प्रदेशाचे वेळापत्रक दुसरीकडे जसेच्या तसे लागू करता येत नाही.

कृत्रिम दिव्यांनी दिवस चौदा ते सोळा तासांचा करून हंगाम लांबविता येतो. पण शुक्राणू परिपक्व होण्यास काही आठवडे लागतात. नर सिद्ध नसताना मादी अंडी देऊ लागली, तर ती निष्फळ ठरतात. बाहेरून ती वेगळी दिसत नाहीत. आठवडाभराने प्रकाशासमोर धरल्यावरच उलगडा होतो. तोवर उबवणी यंत्रातील जागा व वीज खर्ची पडलेली असते. समजा, शंभर अंडी व त्यांची उबवणी यांवर १,००० रुपये खर्च झाले. ऐंशी पिल्ले निघाली तर प्रत्येकी खर्च साडेबारा रुपये. पन्नासच निघाली तर वीस. हा वाढीव भार अखेर पिल्ले विकत घेणाऱ्या छोट्या पालकावरच येतो.

पक्ष्यांना खाद्य मात्र बारा महिने लागते, आणि कर्जाचा हप्ताही दरमहा समान असेल तर हिवाळ्यात तो भरण्यासाठी पक्षी विकण्याची पाळी येते. पहिली विक्री बहुधा नरांचीच होते, कारण त्या दिवसांत ते निरुपयोगी भासतात. मार्चमध्ये त्यांचीच उणीव जाणवते. अशा व्यवसायाला कर्ज देताना मोठे हप्ते एप्रिल ते ऑक्टोबर या काळात व हिवाळ्यात केवळ व्याज, अशी मांडणी बँकांना सहज करता येईल. पीककर्जात सुगीनंतर परतफेडीची प्रथा आहेच.