सिकलसेल, वसतिगृह आणि आपण

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये 'वात' हा शब्द फार स्वस्त आहे. लेकराचे हातपाय सुजले की वात, म्हाताऱ्याचे गुडघे धरले की वात. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत माझ्याही दुखण्याचे नाव वातच होते. पुढे रक्त तपासले आणि कागदावर 'एस एस' ही दोन अक्षरे आली. 2022 साली भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या गावाहून पदवीसाठी मी नागपूरच्या एका वसतिगृहात आलो, तेव्हा पेटीत पुस्तकांबरोबर हा कागदही होता. स्वतःची करुण कहाणी सांगण्याचा येथे हेतू नाही. दुखणे समजले तर त्याच्याशी भांडता येते, एवढेच मांडायचे आहे.

निरोगी माणसाची तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. ती सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच घटक बदललेला असतो. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशी पेशी 10 ते 20 दिवसांतच मोडते, म्हणून अंगात रक्त कमी. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढच्या हाडामांसाला रक्त मिळत नाही, म्हणून वेदना. थंडी, तहान, ताप, अतिश्रम आणि जागरण ही त्या वेदनेला दिलेली आमंत्रणेच होत.

आता ही यादी वसतिगृहाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावी. डिसेंबरातली नागपूरची पहाट आणि टाकीतले गार पाणी. मे महिन्यातले ऊन आणि आटलेला नळ. परीक्षेच्या रात्रीची जागरणे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला जे केवळ गैरसोयीचे, तेच माझ्यासारख्याला इस्पितळात नेणारे ठरते. पहिल्याच हिवाळ्यात तीन दिवस मी खाटेवरून उठू शकलो नाही. चौथ्या दिवशी अधीक्षकांसमोर उभा राहिलो तेव्हा ते म्हणाले, "गेल्या महिन्यातही हेच कारण होते. सवलतीत शिकायचे आणि वर आजाराचे सोंग करायचे?" मी गप्प राहिलो. हा आजार बाहेरून दिसत नाही. प्लास्टर नाही, जखम नाही. आणि आपल्या पोराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सवय या व्यवस्थेला कधी नव्हतीच. त्या दिवशी हाडांपेक्षा ते वाक्य जास्त ठणकले, हे कबूल करतो.

नंतर वाचनात आले की, वैद्यकशास्त्राने नोंदलेला या आजाराचा पहिला रुग्णही विद्यार्थीच होता. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा काळा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला आणि 1904 च्या डिसेंबरात तिथल्या इस्पितळात दाखल झाला. डॉ. जेम्स हेरिक यांनी त्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींची हकीकत 1910 साली प्रसिद्ध केली. तोवर नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला होता आणि लोकांचे दात तपासत होता. 1916 साली तो न्यूमोनियाने गेला. त्याच्याजवळ औषध नव्हते, तरी त्याने शिक्षण पुरे केले. माझ्याजवळ औषध आहे.

ते औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच ते रोज घ्यायचे आणि ठरावीक मुदतीने रक्त तपासायचे. त्याने पेशी वाकण्याचे प्रमाण घटते आणि वेदनेचे झटके कमी होतात. आजार मुळापासून जात नाही. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी. बाकीचे शहाणपण मायने गावाहून निघतानाच सांगितले होते: "पाणी पेत जाजो बाबू, अन् अंग झाकून ठेवजो." त्यात मी तीन गोष्टींची भर घातली. ताप आला की दुकानातली गोळी घेऊन वाट पाहायची नाही, थेट दवाखाना. कारण आमच्यात जंतुसंसर्ग झपाट्याने बळावतो. छातीत दुखले किंवा दम लागला तर रात्र असली तरी थांबायचे नाही. आणि खोलीतल्या दोघा मित्रांना आजाराचे नाव व कागद ठेवल्याची जागा सांगून ठेवायची. लपवण्यात अब्रू राहते हा समज मी सोडला, तेव्हापासून गरम पाण्याची बादली मागायला लाज वाटेनाशी झाली.

कायदाही माहीत हवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात मान्य केलेल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्रावर 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर उच्च शिक्षणातल्या राखीव जागांचा हक्क मिळतो. म्हणजे अधीक्षकांपुढे मी दया मागत नव्हतो. पण हक्काचा कागद हातात नसला की हक्कही याचनेसारखाच ऐकू येतो.

राहिला जातीचा प्रश्न. हा 'त्यांचा' आजार, असे आपल्याकडे बोलले जाते. खरे असे की, जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे मेली तिथे हा बदल टिकला; कारण त्याची एकच प्रत असणाऱ्या वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. आणि विदर्भात आदिवासी, बौद्ध आणि काही ओबीसी जातींतही आहे. रक्ताला जात ठाऊक नाही. पण लग्ने जातीतल्या जातीत लागतात आणि वाहकाला वाहक भेटण्याचा संभव वाढतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते. 1916 च्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सजातीय विवाहात दाखवले होते. त्या भिंतीचा हिशेब असा रक्तातही मांडावा लागतो.

मात्र तपासणी म्हणजे शिक्का नव्हे. हा रेणूचा आजार आहे हे 1949 साली दाखवणारे थोर शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनीच 1968 साली वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी असे सुचवले. हेतू भला असेल. पण गळ्यात मडके बांधून हिंडलेल्यांच्या नातवंडांना अशा खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. याउलट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरांनी 1971 पासून वस्त्यावस्त्यांत स्वतः सिकलसेल तपासणी सुरू केली. 1972 साली मुंबईत आपल्या तरुणांनी त्यांचे नाव उचलले, दलित पँथर उभी केली. नाव घेतले, त्वेष घेतला. रक्त तपासण्याची सुई मात्र तिकडेच राहिली.

2023 च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिची मुदत 2047 आहे. वसतिगृहात आज आलेल्या पोराला तोवर थांबता येणार नाही. प्रवेशाच्या वेळी ज्याला हवी त्याला गुप्ततेने तपासणी, हिवाळ्यात गरम पाणी, हजेरीच्या नियमात वैद्यकीय कागदाला मान, एवढे आपल्या विद्यार्थी संघटनांनी मागितले तरी पुष्कळ झाले. शिकायला आपण आलोच आहोत. शिकून होईपर्यंत जगण्याची सोयही आपल्यालाच भांडून करून घ्यावी लागेल.